मोडीत गेलेला लामणदिवा

मागच्या महिन्यात थोरल्या जाऊबाईंना बघायला कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात गेले होते. भेटीच्या वेळेला अजून अवकाश होता. नात म्हणाली, "आजी, समोरच टाऊन हॉलचं म्युझियम आहे. नुसतं बसण्यापेक्षा बघून येऊ."

गेलो. एका काशाच्या हत्तीपाशी माझे पाय थांबले. पाठीवर माणसे बसलेली, जशी जत्रेला निघालेली! पोसायडन नावाचा समुद्रदेवही पाहिला. वीतभरसुद्धा उंच नाही, पण आला थेट रोमी मुलखातून. सातवाहनांच्या काळात इथला व्यापार घाट उतरून कोकणच्या बंदरात आणि तिथून पार रोमपर्यंत चाले. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत या वस्तू मिळाल्या. तिथे १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षित या अभ्यासकांनी खोदकाम केले, आणि १९४६ साली हे संग्रहालय सुरू झाले.

पण मला आपली वाटली ती झारी. कुणा बाईने ती राखेने घासून लख्ख केली असेल. सुमारे अठराशे वर्षे मातीने ती सांभाळली. मला एक दिवा दहा वर्षे सांभाळता आला नाही.

सासूबाईंचा माहेरचा पितळी लामणदिवा होता. साखळीला मोर होता. १९८१ साली मोडीवाला दारात आला. तेव्हा घरोघर स्टीलचे वेड. मी म्हणाले, "काळा पडलाय, घासायचा कुणी?" दिवा तराजूत गेला, त्याच्या बदली पिठाचा डबा आला. सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. तिन्हीसांजेला मात्र रिकाम्या कडीकडे बघूनच त्यांनी हात जोडले.

दवाखान्यात जाऊबाईंना हे सांगितले. त्या हसल्या. "मोराची चोच मोडली होती, आठवतं? आत्याबाई लहान असताना त्यांच्याच हातून पडला होता म्हणे." मला हे ठाऊकच नव्हते.

डबा अजून आहे, पीठही त्यातच असते. त्याला नावे कशाला ठेवू? पण घरी आल्यावर माळ्यावरचे घंगाळ खाली काढले, चिंचेने घासले, आणि ते कुणाचे, कुठून आले, हे नातीकडून वहीत लिहून घेतले. बायांनो, अडचण आली तर भांडे विकावेही लागते. पण तराजूत घालण्याआधी घरातल्या म्हातारीला एकदा विचारा. पितळेचे वजन मोडीवाला करील, बाकीचे तिलाच माहीत असते.