करंगळी

गेल्या पावसाळ्यात माझा बेसवाला गेला. २८ वर्षं आम्ही एकत्र वाजवलं. तेव्हापासून पियानोवर बसलो की डाव्या हाताची करंगळी माझं ऐकत नाही. डी मायनरला एफ, ए, सी, ई एवढंच धरायचं, डी बेसने द्यायचा. पुढे जी सेव्हनला सी तेवढा बीवर उतरतो, बाकीची तीन बोटं जागची हलत नाहीत. हजारो वेळा वाजवलेली जागा. आता करंगळी एफ सोडून दोन पांढऱ्या पट्ट्या खाली डीवर जाते आणि सगळा कॉर्ड जड होऊन खाली बसतो. सोडवतो, पुन्हा धरतो. पुन्हा तेच.

कॉर्डचा मूळ स्वर वगळायची ही रीत एकट्या जाझ पियानोवादक बिल इव्हान्सची नव्हे; रेड गार्लंड, विन्टन केलीही तसं वाजवायचे. पण मोकळी झालेली जागा इव्हान्सने बेसला राहायला दिली. २५ जून १९६१चं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅन्गार्डमधलं रेकॉर्डिंग ऐका. ग्लासांची किणकिण, लोकांच्या गप्पा, आणि त्यातून स्कॉट लाफारोचा बेस पियानोला उत्तरं देतो. ११ दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५. त्यानंतर कित्येक महिने इव्हान्स लोकांसमोर वाजवायला बसला नाही.

ही हकिकत मी शिष्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो, जरा तोऱ्यातच. मूळ स्वर ठोकणाऱ्यांना मी कच्चं समजायचो. माझ्या त्या नजाकतीचं ओझं माझा बेसवाला रोज रात्री उचलायचा आणि टाळ्या मी घ्यायचो. एकदाही त्याला तसं बोलून दाखवलं नाही.

हॉटेलांना आता बेसवाला परवडत नाही म्हणे. मुलं लॅपटॉपवर बेस लावतात आणि वर उजव्या हाताची फिरत दाखवतात. बोटं त्यांची माझ्याहून चपळ आहेत, हे मान्य. पण तुम्ही श्वास घ्यायला थांबलात तर लॅपटॉप थांबत नाही, तुम्ही चुकलात तर सावरून घेत नाही. त्याला मी जाझ म्हणणार नाही.

इव्हान्सला पुढे चक इस्रायल्स हा बेसवाला भेटला. मला अजून कुणी भेटलेलं नाही. तुमच्या ओळखीत बेस वाजवणारं कुणी असेल तर माझ्याकडे पाठवा. हात कच्चा असला तरी चालेल, कान हवा.