रंग सरकलेली राणी

आमच्या घरात गोष्टीचं पुस्तक एकट्याचं कधीच नसायचं. पहिल्या पानावर नावांची उतरंड असायची. दादाचं टाकाने, वळणदार, ताईचं निळ्या शाईत, खाली दोन रेघा मारून, मधल्याचं पेन्सिलीने, आणि शेंडेफळाचं खडूने, निम्मं पान अडवून. पुस्तक आत्याकडून आलेलं असलं तर वर आणखी दोन नावं. सत्तरच्या दशकात पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांत जी पोरं वाढली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. नवंकोरं पुस्तक म्हणजे वक्तृत्वाचं बक्षीस, नाहीतर मुंजीतला आहेर. बाकी सगळी फिरती.

आणि फिरती म्हणजे फाटकी. मे महिन्यात एक अख्खी दुपार त्यासाठी राखलेली असे. माळ्यावरून साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे निघायचे. आई मैद्याची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायची, आणि मग "बोटं तोंडात घालू नका रे" हे दर पाच मिनिटांनी. अण्णा सुटी पानं जमिनीवर ठोकून सारखी करायचे, दाभणाने तीन भोकं पाडायचे. दोरा मधल्या भोकातून आत शिरायचा आणि सगळीकडे हिंडून मधल्याच भोकाशी गाठीला यायचा. पाठीवर जुन्या परकराची चिंधी, वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर सरत्या वर्षाच्या कॅलेंडरचं पान. त्यामुळे आमच्या फडताळात आत भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आणि बाहेर संकष्टी, अमावास्या नि दूधवाल्याचे खाडे असा प्रकार असे. मूळ मुखपृष्ठ गेलेलंच असायचं. ज्या चित्रकाराने ते रात्र रात्र जागून केलं असेल, त्याचं नाव आम्हाला कळायची सोय नव्हती.

आतली चित्रं मात्र पाठ होती. एका पुस्तकात असायची किती? सहा, सात, फार तर दहा. सगळी काळ्या रेघेची. तेव्हा वाटायचं, चित्रकाराकडे रंग नसतील. खरं कारण छापखान्यात होतं, ते पुढे वाड्यातल्या, खिळे जुळवणाऱ्या एका जुळारीकाकांनी समजावलं. चित्रकार काळ्या शाईने, छपाईपेक्षा मोठ्या आकारात चित्र काढायचा. त्याचा फोटो घेऊन ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे, तेजाबात नको तेवढा पत्रा खाऊन जायचा आणि रेघ तेवढी उठून राहायची. हा झाला लाइन ब्लॉक. त्याला दोनच गोष्टी ठाऊक, काळं किंवा कोरं. करडी छटा हवी तर बारीक जाळीचा हाफटोन ब्लॉक आणि त्याला गुळगुळीत कागद. आणि मुलांच्या पुस्तकाला गुळगुळीत कागद कोण देतो? मग सावली दाखवायची तर आडव्यातिडव्या रेघा मारा, नाहीतर ठिपके द्या. त्या रेघा खरखरीत कागदावर शाई पिऊन फुगायच्या. आमच्या एका राजपुत्राच्या गालावर सावलीच्या एवढ्या रेघा होत्या की आजी म्हणायची, स्वयंवराला निघालाय मेला आणि दाढी नाही करवत.

ब्लॉकला पैसे पडायचे, म्हणून ब्लॉक टाकून देत नसत. इसापाच्या गोष्टीतला वाघ पुढे पंचतंत्रात भेटायचा आणि तिसऱ्या वेळी एखाद्या शिकारकथेत गोळी खायचा. शेपटीचा बाक तोच. पोरं ओळखायची. "हा मेला होता ना?" असं धाकटा विचारायचा आणि त्यावर कुणाकडेच उत्तर नसायचं.

रंगीत चित्र असलंच तर मुखपृष्ठावर, आणि त्याची तऱ्हा निराळी. रंगागणिक ब्लॉक वेगळा, कागद यंत्रातून तितक्या वेळा जाणार. मशीनमनची नजर जरा हलली, कागद केसभर सरकला, की संपलं. राणीची लाली ओठ सोडून हनुवटीवर. पोपट एकीकडे, त्याचा हिरवा रंग शेजारी बसलेला. आम्हाला ते चुकीचं वाटायचंच नाही. राण्या अशाच असतात, असा आमचा समज. पुढे नीट छापलेली राणी पाहिली तेव्हा ती जरा गरीब घरातली वाटली.

या काळ्या रेघेचं एक बरं होतं. मधली जागा मोकळी असायची आणि ती आमच्यासाठीच सोडलीय, अशी आमची खात्री होती. पाण्याच्या रंगाची डबी एक, भावंडं चार, त्यातला पिवळा नेहमी संपलेला, मग हळद. लाल संपला तर कुंकू, पण ते चोरून. चित्र उतरवायचं असलं तर वहीच्या कागदाला खोबरेल तेल चोळायचं, कागद पारदर्शक झाला की खाली चित्र, वर पेन्सिल. तेलाचा डाग मूळ पुस्तकावर उतरायचाच. आजही आमच्याकडच्या काही पुस्तकांत ठरावीक पानं आपोआप उघडतात, त्या पानांवर तो पिवळट डाग आहे.

मग चांदोबा. जुलै १९४७ मध्ये मद्रासला तेलुगू आणि तमिळमध्ये चंदामामा निघाला, १९५२ मध्ये तो मराठीत चांदोबा होऊन आला, आणि जवळपास पानोपानी चित्र म्हणजे काय असतं ते आम्हाला कळलं. विक्रम-वेताळाचं ते चित्र कोण विसरेल? हातात तलवार, खांद्यावर प्रेत, पाऊल पुढे. ते शंकर यांचं, म्हणजे के. सी. शिवशंकरन यांचं. २०२० मध्ये नव्वदी उलटून ते गेले, तेव्हा आमच्या पिढीतल्या कितीकांनी एकमेकांना फोन केले, जणू घरातलंच माणूस गेलं. दुसरी सही असायची 'चित्रा'. या चित्राबाई लांब शेपटा घालत असतील, स्वभावाने शांत असतील, असं आम्ही ठरवूनही टाकलं होतं. ते निघाले टी. व्ही. राघवन. ताईला हे अजून पटलेलं नाही.

चांदोबाची चित्रं सगळ्या भाषांतल्या अंकांत तीच. त्यामुळे आमच्या डोक्यातला राजा दाक्षिणात्य मुकुट घालतो, आमच्या गोष्टीतल्या गावात गोपुर असतं आणि सावकाराच्या घरापुढे खांबांची पडवी असते. छानच होतं ते सगळं. पण त्यात आमचं घर नव्हतं.

आमचं घर कुठेच नव्हतं म्हणा. दलालांच्या आणि मुळगावकरांच्या मुखपृष्ठांवर नव्हतं. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरच्या मुळगावकरांच्या स्त्रिया इतक्या तुकतुकीत की पुस्तक भूगोलाच्या पुस्तकात लपवावं लागे. तशी बाई आमच्या नळावर कधी दिसली नाही. अमर चित्रकथेत राम वाईरकर आणि प्रताप मुळीक ही आपली माणसं, पण महाल देवांचे नि राजांचे. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ तर कवटीच्या गुहेत राहायचा.

आणि रशियन पुस्तकं! प्रदर्शनाची गाडी यायची, जाड पांढरा कागद, घट्ट शिलाई, पानभर रंग, आणि किंमत दोन-तीन रुपये. लोकवाङ्मय गृहाने ती इथे आणली, अनिल हवालदारांनी कितीतरी मराठीत केली. जन्मापासून आम्ही मराठीच बोलायचो, पण बर्फ, लोकरी टोप्या आणि समोवार आम्हाला मॉस्कोत छापलेल्या मराठीतून कळले. त्या पुस्तकांना खळ कधी लागलीच नाही. त्यामुळे त्यांच्यावर तितका जीवही बसला नाही, असं मधला म्हणतो. मला ते पटत नाही. नवंकोरं पुस्तक बक्षिसात मिळायचं, आणि त्याला बक्षीस कधी मिळालं नव्हतं.

आमचं घर थोडं जवळ आणलं ते बालभारतीने. १९६७ मध्ये संस्था निघाली, १९७१ च्या नोव्हेंबरात 'किशोर' मासिक सुरू झालं. पाठ्यपुस्तकांतली चित्रं कामाची, नम्र, बहुधा निनावी. त्यांत नऊवारीतली आजी होती, टोपीतले आजोबा होते, बैल होता, विहीर होती. पण हे घर फार नीटनेटकं. कुणाचा परकर दोरीवर वाळत नाही, कोपऱ्यात केरसुणी नाही, आजोबांच्या बंडीला भोक नाही. मुलगा हात जोडून उभा, मुलगी केर काढतेय किंवा फुलं वेचतेय, आणि आई कायम हसतेय. आमची आई हसायची, पण तिला कारण लागायचं. दर वर्षी ही पुस्तकं आम्ही अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीला घ्यायचो, तेव्हा आधीच्या मालकाने त्या हसऱ्या आईला चष्मा काढलेला असायचा, बाबांना मिशा. ते चित्र मग जरा ओळखीचं वाटायचं.

माधुरी पुरंदऱ्यांची 'राधाचं घर' ही पुस्तकं आली, तोवर आम्ही पालक होऊन गेलो होतो. लिहिणारी तीच आणि चित्रं काढणारीही तीच, जे. जे.त आणि पॅरिसला शिकलेला हात, पिकासोवर मोठं पुस्तक लिहिलेली बाई, आणि बसली आहे ती घरातल्या माणसांची चित्रं काढत. त्यांच्या चित्रांतली माणसं पोक काढून बसतात, पोटं सुटलेली असतात, केस विस्कटलेले. मजकूर जे सांगतो ते चित्र पुन्हा सांगत नाही, दुसरंच काही दाखवतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ही पुस्तकं मुलांच्या नावाने घेतली आणि स्वतःच वाचली. ताईने एक पान उघडून नुसतं बोट ठेवलं नि म्हणाली, "हे बघ, अण्णा असेच बसायचे." बंडीतून वर आलेला तो खांदा. आम्हाला लहानपणी हे मिळतं तर, असं म्हणायचा मोह होतो. पण मिळतं तर आम्ही त्याला खोबरेल तेल लावलं असतं, हेही खरं.

परवा धाकट्याच्या नातीने ते पुस्तक अथपासून इतिपर्यंत न्याहाळलं. चार वर्षांची आहे, चौदाव्या मजल्यावर राहते. शेवटी तिने विचारलं, "यांची लिफ्ट कुठाय?" आणि स्केचपेन मागितलं. आम्ही तिघांनी एकदम "दे, दे" म्हटलं. तिच्या आईने पुस्तक उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं आणि आम्हाला मागची किंमत वाचून दाखवली.