आजोबांची दुनळी

धुळ्याच्या आमच्या जुन्या वाड्यांत माजघराच्या भिंतीवर एक दुनळी बंदूक टांगलेली असे. ती जेम्स औट्रॅमची, असें आजोबा सांगत. खानदेशांत १८२५ सालीं भिल्ल पलटण उभारण्याचें काम ज्याच्याकडे आलें, धरणगांवीं राहून ज्यानें भिल्लांसंगें वाघांच्या शिकारी केल्या व त्या सोबतींतूनच त्यांचा विश्वास मिळविला, तोच हा औट्रॅम. आजोबा गोष्ट सांगूं लागले कीं आम्हां मुलांना त्या नळ्यांतून डरकाळी ऐकूं येई.

पुढें वडील वारले आणि रीतसर परवाना होऊन ती बंदूक माझ्याकडे आली. त्याच सुमारास जुन्या शस्त्रांचा शौक असलेल्या एका परवानेदार गृहस्थानें तिला मोठी किंमत देऊं केली. अट एकच : ती औट्रॅमची असल्याचें मीं घराण्याच्या वतीनें लिहून द्यावें. वाड्याचें छप्पर गळत होतें, आणि लेखणी हातांतच होती.

सही करण्यापूर्वीं एकदां नीट पहावी म्हणून मीं बंदूक बिजागरीवर मोडून उजेडांत धरली आणि तेथेंच अडखळलों. औट्रॅमनें १८३५ मध्यें खानदेश सोडला. त्या काळची शिकारी बंदूक तोंडाकडून दारू व गोळी ठासून भरावयाची. ही तर मागून काडतूस घालावयाची! नळीवर ‘नॉट फॉर बॉल’ असा ठसाहि होता. तोंडाशीं निमुळत्या केलेल्या नळींतून गोळी उडवूं नये, केवळ छर्रेच उडवावे, म्हणून इंग्लंडांतील बंदुका पारखणाऱ्या संस्था हा ठसा १८७५ ते १८८७ पर्यंत मारीत. औट्रॅम १८६३ मध्येंच निवर्तला होता. म्हणजे साहेब तर दूरच, या बंदुकीनें वाघहि पाहिला नसावा. फार तर तित्तिर आणि लावे.

ज्या गांवीं इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १९२६ च्या अखेरच्या दिवशीं देह ठेवला, जेथें त्यांनीं जमविलेले कागद त्यांच्या नांवाच्या मंडळानें जपले, तेथल्या माणसानें खोटा कागद कसा लिहावा?

परंतु याहूनहि मला बोचलें तें निराळेंच. बंदुकीला थोर नांवच हवें होतें, तर १८५७ मध्यें सेंधव्याच्या घाटाजवळ सरकारी खजिना लुटणारा, पुढल्या एप्रिलांत आंबापाण्यास इंग्रजी फौजेशीं झुंजणारा खाज्या नाईक याच मुलखांतला होता. त्याची म्हणून ती आमच्यांत कोणीं कां सांगितली नाहीं? वाघाचा माग काढून साहेबाला जाळीपर्यंत नेणाऱ्या भिल्लांचीं नांवें तर गोष्टींतहि आलीं नाहींत. साहेबाचें नांव भिंतीवर टांगलें म्हणजे वाड्याची उंची वाढते, अशी आमच्या घराची समजूत होती. आणि त्या समजुतीवर मीहि मोठा झालों.

मीं कागद लिहिला, पण ठशाचा. गृहस्थांनीं तो शांतपणें वाचला, घडी घालून परत दिला आणि नमस्कार करून ते निघून गेले. छप्पर अजून गळतें.

परवां नातवानें विचारलें, “आजोबा, ही कोणाची हो?”

“माझ्या आजोबांची,” मीं म्हटलें.

इतक्या वर्षांत हें उत्तर आमच्या घरांत कोणीं दिलेंच नव्हतें.