'आपण', 'आम्ही' आणि मधली भाषा

नवी भाषा शिकू लागणारा प्रौढ माणूस भाषाहीन नसतो. एका भाषेची व्यवस्था त्याच्या ठायी आधीच मुरलेली असते आणि तिच्या आधारानेच तो दुसरीकडे जातो. विनोबांनी वेल्लोरच्या तुरुंगात तमिळ, तेलुगू, कन्नड व मल्याळम या चार भाषांचा एकत्र अभ्यास केला, तो एकीचे ज्ञान दुसरीच्या उपयोगी पडते म्हणूनच शक्य झाला असावा. त्यांच्या पवनारपासून जवळच, वर्ध्यात राहून मी गेले काही महिने मोबाइलवरील एका सॉफ्टवेअरच्या साहाय्याने तमिळचे पहिले पाठ गिरवतो आहे. ते मात्र शिकणाऱ्याची पाटी कोरी आहे असे धरून चालते. किंबहुना तीवर फक्त इंग्रजी लिहिलेली आहे असे मानते.

एका पाठात 'वी' या इंग्रजी सर्वनामासाठी 'नाम्' आणि 'नांगळ्' असे दोन शब्द आले. दोन्ही उत्तरे बरोबर ठरत होती. भेद कोठेच सांगितलेला नव्हता. वस्तुतः 'नाम्'मध्ये ऐकणारा समाविष्ट असतो, 'नांगळ्'मधून तो वगळलेला असतो. म्हणजे आपले 'आपण' आणि 'आम्ही'. 'आपण जेवू' हे आमंत्रण आहे, 'आम्ही जेवू' ही नुसती माहिती. हे आपल्याकडे लहान मुलालाही कळते. इंग्रजी 'वी' किंवा प्रमाण हिंदीतील 'हम' यांना हा भेद दाखवता येत नाही. 'येतो म्हणून सांगितले' यातील 'म्हणून'चेही असेच आहे. तमिळमधील 'एन्ड्रु' हे त्याच कामाचे रूपही 'म्हणणे' याच अर्थाच्या धातूपासून साधलेले आहे. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे मांडले, ते अशाच साम्यांच्या बळावर. मराठी माणसाला हे अर्धे ज्ञान घरचेच असते. इंग्रजीच्या वाटेने गेल्यावर तेच त्याला परके होऊन भेटते.

हा प्रश्न केवळ अध्यापनतंत्राचा नाही. गाथासप्तशती आणि संगम काव्य यांची तुलना करताना आपण संगम काव्य बहुधा रामानुजनांच्या इंग्रजीतून वाचतो. त्या अनुवादांची थोरवी वादातीत आहे. परंतु 'अकम्' कवितेत नायिका सखीशी बोलते, सखी नायकाशी बोलते. तेथे 'आम्ही'मध्ये ऐकणारा आहे की नाही यावर अर्थ अवलंबून असू शकतो. प्राचीन तमिळमध्ये 'याम्' आणि 'नाम्' यांनी हा भेद होतो. इंग्रजीत तो पुसला जातो आणि ज्या भाषेत तो सहज उतरला असता, त्या मराठीपर्यंत पोहोचतच नाही.

पुण्याच्या सी-डॅकने तयार केलेली 'लीला' ही प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांच्या माध्यमातून हिंदी शिकवते. तेव्हा मराठीतून तमिळ शिकवण्यात तांत्रिक अडचण नसावी. तौलनिक साहित्याभ्यास शिकवणाऱ्या मराठी विभागांनी असे पाठ स्वतः रचावयास हवेत, आणि त्यांचा आरंभ 'आपण' व 'आम्ही' या दोन शब्दांपासून करता येईल.