दुष्काळी मुलखातला धबधबा

मुलांनो, ‘धबधबा’ हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? कोकण, आंबोली, लोणावळा, ठोसेघर... बरोबर ना? बीड जिल्ह्याचं नाव काही कुणाच्या तोंडी येणार नाही. बीड म्हटलं की दुष्काळ, टँकर आणि ऊसतोड, एवढंच आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, सौताडा नावाचं गाव आहे. तिथे पावसाळ्यात एक नदी उंच कड्यावरून थेट दरीत उडी घेते. आसपासच्या गावांना हे ठाऊक आहे. दूरच्या लोकांना मात्र पत्ताच नाही!

माझा भाचा पुण्यात नववीत शिकतो. ऑगस्टमध्ये जोडून सुट्ट्या आल्या तेव्हा तो बीडला आला. मी म्हणालो, ‘‘चल, तुला धबधबा दाखवतो.’’

‘‘मामा, बीडमध्ये कसला धबधबा? एखादा ओढा असेल!’’ तो हसायलाच लागला.

मी काही बोललो नाही. सकाळी मोटारसायकल पुसली, टायरमधली हवा बघितली, दोघांनी डोक्यावर हेल्मेट चढवली आणि निघालो. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती.

बीडहून दक्षिणेला निघालं की पाली गाव लागतं आणि मग मांजरसुंब्याचा घाट सुरू होतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घुरघुरत वर चढू लागली. दोन्ही बाजूंना सीताफळीची झाडं. बालाघाटाच्या या खडकाळ उतारांवर दुसरं काही धड येत नाही, पण सीताफळ झकास येतं. घाट संपला आणि आम्ही बालाघाटच्या पठारावर पोहोचलो. हवा एकदम गार झाली. मांजरसुंब्याला पाटोद्याच्या रस्त्याला लागलो. लिंबागणेश मागे पडलं. बाजरीची कणसं वाऱ्यावर डुलत होती. याच पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांसाठी राखलेलं अभयारण्य आहे. आम्हाला मोर दिसला नाही, पण त्याची केका मात्र दोनदा ऐकू आली.

पाटोद्याला चहा घेतला. भाच्याने गरमागरम भजी मागवली. तिथे मी त्याला मांजरा नदी दाखवली. ‘‘एवढीशीच?’’ तो म्हणाला. होय, एवढीशीच! मांजरेचा उगम याच डोंगरांत आहे, त्यामुळे इथे ती अजून लहान आहे. पुढे धनेगावला तिच्यावर मोठं धरण आहे. लातूर शहर त्याच धरणाचं पाणी पितं. मग ती कर्नाटक आणि तेलंगणाला भेटून शेवटी गोदावरीला मिळते.

पाटोद्याहून पुढे निघालो. रस्ता पठारावरूनच जातो. सौताडा आलं तरी धबधब्याची काही खूणच नाही! सपाट रानं, बांधावर बाभळी. भाचा मागून म्हणाला, ‘‘मामा, रस्ता चुकलो का?’’

गाडी लावली आणि चालत पुढे गेलो. आधी आवाज आला. लांबून मालगाडी जात असावी तसा! आणखी थोडं चाललो आणि समोरची जमीनच संपली. पायाखाली खोल, हिरवीगार दरी! एका बाजूने विंचरणा नदी कड्याच्या टोकापर्यंत येते आणि स्वतःला खाली झोकून देते. पाणी निम्म्या वाटेवरच फुटतं आणि त्याचे पांढरे तुषार वाऱ्याबरोबर वर येतात. आमचे चष्मे ओले झाले. भाचा कितीतरी वेळ एक शब्द बोलला नाही. मग हळूच म्हणाला, ‘‘मामा, हा ओढा नाही.’’

दरीत उतरायला पायऱ्या आहेत. खाली रामेश्वराचं मंदिर आहे. वनवासात राम-सीता इथे आले होते, असं गावचे लोक सांगतात. श्रावणात इथे भाविकांची गर्दी असते. खालून वर पाहिलं की मान दुखायला लागते. कड्याकडे नीट बघा, त्यात आडव्या पट्ट्या दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत आला, थिजला, पुन्हा वाहत आला. भाकऱ्यांची चवड रचावी तसे थरावर थर बसले. त्यातले काही कठीण, काही ठिसूळ. पाण्याने ठिसूळ थर आधी झिजतो, वरचा कठीण थर सज्जासारखा पुढे राहतो आणि एक दिवस तुटून पडतो. म्हणजे धबधबा हजारो वर्षांत थोडा थोडा मागे सरकत जातो!

भाच्याला पाण्यात उतरायचं होतं. तो बूट काढणार एवढ्यात पायरीवर बसलेले एक आजोबा म्हणाले, ‘‘पोरा, कुंडात जाऊ नको. शेवाळ लई निसरडं हाय. आन् वर डोंगरात काळं दिसलं की इथं थांबायचंच नाही. इथं ऊन पडलेलं आसतं आन् वरनं लोंढा येतो.’’ भाचा निमूटपणे मागे आला.

आजोबांची पठारावर तीन एकर कोरडवाहू शेती. दशम्या त्यांच्यापुढे ठेवल्या तेव्हा गप्पा रंगल्या. मी विचारलं, ‘‘घरी कोण कोण असतं?’’

‘‘आत्ता समदे हायती, गुरुजी. दिवाळी झाली की लेक आन् सून ऊस तोडाया कोल्हापूरकडं जात्यात. नात माझ्यापाशी ऱ्हाती. चौथीला हाय. पयले तिलाबी नेत व्हते, मंग साळा बुडायची.’’ मग ते धबधब्याकडे बघून म्हणाले, ‘‘लोकं म्हणत्यात, लई देखणा हाय. हाय खरा. पर आमच्या रानात पडलेलं पाणी हितनं उडी मारून चाललंय. त्येच्या मागं आमची माणसं जात्यात.’’

परत वर आलो तेव्हा भाच्याने विचारलं, ‘‘मामा, हे पाणी कुठे जातं?’’

बांधावरच्या ओल्या मातीत मी काडीने नकाशा काढला. विंचरणा इथून खाली जामखेडकडे जाते, पुढे सीनेला मिळते. सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला! म्हणजे बघा, एकाच पाटोदा तालुक्यात पडलेला पाऊस. एक थेंब मांजरेत पडला तर गोदावरीत जातो आणि दुसरा विंचरणेत पडला तर कृष्णेत. आपण पाटोद्याहून सौताड्याला येताना वाटेत कुठेतरी ही सीमा ओलांडली. तिथे ना पाटी, ना दगड! याच सीमेला भूगोलात जलविभाजक म्हणतात.

आणि गंमत पुढेच आहे. गंमत म्हणावी की दुःख, तुम्हीच ठरवा. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचं धरण कोरडं पडलं. लातूरला प्यायला पाणी उरलं नाही. तेव्हा एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी. मिरज आहे कृष्णेच्या काठी. म्हणजे मांजरेकाठच्या माणसांची तहान भागवायला कृष्णेचं पाणी तीनशेहून अधिक किलोमीटर रुळांवरून आलं!

‘‘मग इथेच मोठी भिंत बांधून सगळं पाणी अडवलं तर?’’ भाचा म्हणाला.

आजोबा हसले. ‘‘आन् खालच्या जामखेडवाल्यांनी काय प्यावं? समदं नाही आडवायचं. आपल्या रानातलं थोडं थोडं आडवायचं.’’ त्यांच्या शेताच्या वरच्या अंगाला नाल्यावर एक बांध घातला आहे. त्यामुळे विहिरीला पाणी जरा जास्त दिवस टिकतं. ‘‘आणखी दोन-तीन बांध झाले, तर येखाद्या साली लेक गावातच ऱ्हाईल,’’ ते म्हणाले.

मुलांनो, सौताड्याला जायचं असेल तर चांगला पाऊस होऊन गेल्यावर मोठ्या माणसांबरोबर जा. उन्हाळ्यात तिथे नुसता काळा कडा दिसतो. कठड्याच्या आतच उभे राहा. खाऊचे कागद आणि रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून परत आणा, कारण तुम्ही टाकलेली बाटलीही वाहत खालच्या गावात जाईल.

आणि जाणं जमलं नाही, तरी एक काम घरबसल्या करता येईल. पाऊस पडत असताना आपल्या अंगणातलं पाणी कोणत्या बाजूला वाहतं ते बघा. ते कोणत्या ओढ्याला, तो ओढा कोणत्या नदीला आणि ती नदी पुढे कुणाला मिळते, हे नकाशात शोधा. मग वहीत लिहा : माझ्या दारातला थेंब कुठे जातो? आणि त्याला आमच्या गावात थोडा वेळ थांबवायला कुणी काय केलं आहे, हे घरच्या मोठ्या माणसांना जरूर विचारा.