ताईची एक्सेल शीट

सॉफ्टवेअरवाल्या माणसाला नातेवाईक दोनच कामं सांगतात. एक, "माझा फोन हळू झालाय, बघ जरा." आणि दोन, "तू नेटवर शोधून सांग ना, तुला कळतं त्यातलं." दुसऱ्या खात्यात मी आजवर वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, दोन स्कूटर आणि एक मंगल कार्यालय निवडून दिलंय. पण मध्यंतरी ताईने जे काम सांगितलं ते नवीन होतं. "ऑपरेशन न करता चेहऱ्याची कातडी घट्ट करतात ना, त्यातलं कुठलं चांगलं ते बघून सांग. आणि घरात कुणाला बोलू नकोस." (इथे लिहू का, हेही रीतसर विचारलं. "नाव घालू नकोस, आणि वजन खरं लिही," या दोन अटींवर परवानगी मिळाली.)

तर वजन खरं लिहितो. ताई ५३ वर्षांची. तिला शुगर निघाली तेव्हा वजन ७८ किलो होतं. रात्रीचा भात बंद, रोज पहाटे तळजाईवर चालणं, ऑफिसातल्या वाढदिवसांचे केक बंद, असं करत दीड वर्षात ती ६१ वर आली. गोळीचा डोस अर्धा झाला. आमच्या घराण्यात इतकं चिवट काम गेल्या दोन पिढ्यांत कुणी केलेलं नाही. आणि याचं बक्षीस काय, तर प्रत्येक लग्नात, मुंजीत एकच प्रश्न: "काय गं, बरी आहेस ना? किती उतरलीस!" एका मावशींनी तर बाजूला घेऊन हळूच विचारलं, "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत ना?" गाल आत गेलेले, जबड्याच्या कडेला आणि गळ्याला कातडी सैल. आयुष्यात सर्वांत तंदुरुस्त असताना माणूस सर्वांत आजारी दिसावा, हे ताईला सहन होत नव्हतं. हल्ली वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांमुळे अशा चेहऱ्याला 'ओझेम्पिक फेस' असं नावही पडलंय. ताईने इंजेक्शन घेतलं नव्हतं, चालून मिळवला होता तो चेहरा. पण कातडीला काय, तिला कारण कळत नाही.

भाऊजींना शेवटी कळलंच. त्यांचं म्हणणं, "या वयात कशाला ही थेरं?" भाऊजी दर पंधरा दिवसांनी केसांना डाय लावतात. पांढरे केस काळे करणं म्हणजे टापटीप आणि सैल कातडी घट्ट करणं म्हणजे थेरं, ही सीमारेषा कुणी आखली कोण जाणे. असो. तो वाद मी घातला नाही, मला शीट भरायची होती.

कुठल्याही कामात आधी प्रॉब्लेम समजून घ्यावा, मग सोल्युशन. कातडी सैल का पडते? तिच्या आतल्या थरात कोलॅजेन आणि इलॅस्टिन असे दोन प्रकारचे धागे असतात. पहिला मजबुती देतो, दुसरा ताणल्यावर परत जागेवर आणतो. तारुण्यानंतर कोलॅजेन दरवर्षी थोडं थोडं कमी होत जातं. बायकांमध्ये पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन जातं. ऊन हे काम आणखी लवकर उरकतं. पण चेहरा ओघळतो तो फक्त कातडीमुळे नाही. कातडीखालची चरबी कमी होते, सरकते, आणि वयाबरोबर चेहऱ्याची हाडंसुद्धा थोडी झिजतात. म्हणजे उशीचा अभ्रा सैल झालाय की आतला कापूस कमी झालाय, हे दोन वेगळे बग आहेत. बाहेरून दिसतात मात्र सारखेच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता उपाय. सगळ्या मशीनची मूळ कल्पना एकच: आतल्या थराला मोजून मापून भाजायचं. साधारण ६० अंशांच्या पुढे कोलॅजेनचे धागे आकसतात, आणि शरीर त्याला जखम समजून पुढचे काही महिने नवीन कोलॅजेन बनवत बसतं. फरक आहे तो उष्णता कशी आणि किती खोल पोचवायची यात.

पहिला प्रकार रेडिओ फ्रिक्वेन्सी, म्हणजे आरएफ. कातडीतून वीज जाताना जो अडथळा होतो त्याने आतला भाग तापतो, आणि वरचा थर भाजू नये म्हणून तो गार ठेवतात. यातलं थर्माज हे जुनं नाव, अमेरिकेच्या एफडीएने २००२ मध्ये डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी त्याला मंजुरी दिली. उष्णता पसरट लागते, परिणाम सौम्य असतो.

दुसरा अल्ट्रासाउंड, पार्लरच्या पाट्यांवर ज्याला 'हायफू' म्हणतात तो. भिंगाने ऊन एका बिंदूवर आणून कागद जाळायचो ना लहानपणी, तसंच. ध्वनिलहरी दीड, तीन किंवा साडेचार मिलिमीटर खोलीवर एकत्र आणतात. साडेचारला तो थर लागतो जो फेसलिफ्टच्या ऑपरेशनमध्ये सर्जन ओढून शिवतात. अल्थेरपी या मशीनला एफडीएची मंजुरी २००९ मध्ये भुवई उचलण्यासाठी आणि २०१२ मध्ये हनुवटीखालचा भाग व गळ्यासाठी मिळाली. दुखतं. आणि आधीच बारीक असलेल्या चेहऱ्यावर जोरात मारलं तर आतली चरबी आणखी कमी होण्याची भीती असते.

तिसरा, सुयांचा आरएफ. बारीक सुया आत टोचून त्यांच्या टोकाशी उष्णता सोडायची. मुरुमांचे खड्डे आणि सैल कातडी दोन्हीसाठी वापरतात. इन्स्टाग्रामवर सध्या सगळ्यात जास्त जाहिरात याचीच दिसली. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये एफडीएने याबद्दल सावधगिरीची सूचना काढली. भाजणं, व्रण, चरबी जाणं, चेहरा विद्रूप होणं, नसांना इजा, अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. याचा अर्थ मशीन वाईट असा नाही. ते वैद्यकीय काम आहे, फेशियल नाही, असा आहे.

चौथा, लेझर. सुरकुत्यांवर उत्तम, पण भाजल्या जागी काळे डाग पडण्याचा धोका आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीला जास्त. त्वचेच्या रंगाचे सहा प्रकार मानतात, फिट्झपॅट्रिक नावाच्या डॉक्टरांच्या पट्टीवर. आपण बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात बसतो. आरएफ आणि अल्ट्रासाउंड कातडीच्या रंगद्रव्यात शोषले जात नाहीत, म्हणून आपल्याकडे त्यांना पसंती.

पाचवा, विरघळणारे धागे घालून कातडी वर ओढायची. धागे काही महिन्यांत विरघळतात, आणि उचललेलं हळूहळू परत खाली येतं.

एवढं शीटमध्ये भरून आम्ही दोघं दोन क्लिनिकं फिरलो. दोन्हीकडे आधी भेटली ती 'काउन्सेलर'. आमच्या कंपनीत तिला प्रीसेल्स म्हणतात. एकीने ताईचा चेहरा तीस सेकंद पाहून सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं, रुपये ९० हजार, "आज बुक केलंत तर ७५". दुसरीकडे हायफू एका सिटिंगचे १५ हजार. मशीन कुठल्या कंपनीचं, विचारलं तर "इम्पोर्टेड आहे सर". मशीन कोण चालवणार, विचारलं तर "आमची ट्रेन्ड टीम". ताईला शुगर आहे हे दोन्हीकडे कुणी विचारलं नाही. आधीचे-नंतरचे फोटो दाखवले, त्यात आधीच्या फोटोत दिवा वरून आणि नंतरच्या फोटोत समोरून. रिक्वायरमेंट न विचारता कोटेशन देणारा व्हेंडर आपण ऑफिसात उभा करत नाही. चेहऱ्याच्या बाबतीत का करावा?

तिसऱ्या ठिकाणी मात्र एम.डी. झालेल्या त्वचारोगतज्ज्ञ बाई स्वतः भेटल्या. त्यांनी आधी वजनाचा इतिहास विचारला, शुगरचे रिपोर्ट पाहिले, पेसमेकर नाही ना, जखमेचे व्रण फुगतात का, सगळं विचारलं. मग ताईला आरसा दिला आणि गालाची कातडी चिमटीत धरून सोडायला लावली. कातडी बऱ्यापैकी परत गेली. गळ्याची गेली नाही. म्हणाल्या, "बघा, तुमच्या गालात कातडीपेक्षा आतला भराव कमी झालाय. तिथे जोराची उष्णता दिली तर चेहरा आणखी खप्पड दिसेल. गळ्याला आणि जबड्याच्या कडेला थोडा फायदा होईल. थोडाच. ऑपरेशनसारखा होईल असं कुणी सांगितलं तर तिथून उठून या."

ताईने विचारलं, "म्हणजे पैसे वाया?"

"तुम्हाला किती फरक पुरेसा आहे, त्यावर आहे."

हा कॉलम माझ्या शीटमध्ये नव्हता, आणि तो मी भरूही शकत नव्हतो. खोली, तापमान, किंमत, धोका सगळं शोधता येतं. किती पुरे, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. ताई रिक्षात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला तिशीतली दिसायचं नाहीये रे. मला बरी झालेली दिसायचंय."

शेवटी ठरलं ते असं. सुया नाहीत, धागे नाहीत, हायफू नाही. वजन सहा महिने स्थिर ठेवायचं, जेवणात प्रथिनं वाढवायची, रात्री डॉक्टरांनी दिलेलं रेटिनॉइडचं मलम आणि सकाळी सनस्क्रीन. (सनस्क्रीनला हसू नका. ऑस्ट्रेलियात नॅम्बोर गावी ९०३ जणांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला, २०१३ मध्ये छापून आला. रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय वाढणं मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी भरलं, तेही हाताच्या पाठीचे साचे घेऊन मोजलेलं.) त्यानंतर गळ्याला आणि जबड्याला आरएफचं एकच सिटिंग, डॉक्टरांच्याच हातून. विम्यात बसत नाही, खर्च ताईच्या स्वतःच्या पगारातून. भाऊजींना तिने बिल दाखवलं नाही, डायचा हिशेबही मागितला नाही.

सिटिंगला आता चार महिने झाले. एकाच खिडकीत, एकाच वेळी काढलेले फोटो शेजारी ठेवले तर जबड्याची रेघ जरा स्पष्ट दिसते. न सांगता कुणाच्या लक्षात येणार नाही इतपतच. ताई म्हणते, पुरे. वर्ष-दीड वर्षाने हा परिणाम ओसरेल, तेव्हा पुन्हा करायचं की नाही ते तेव्हा बघू.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आई, मावशी, किंवा तुम्ही स्वतः या वाटेला असाल, तर एवढं विचारा: मशीन कोण चालवणार आणि त्यांचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? मशीनचं नेमकं नाव काय? माझ्या रंगाच्या कातडीवरचे, एकाच प्रकाशातले फोटो आहेत का? भाजलं, डाग पडला तर पुढे काय? आणि माझा प्रॉब्लेम अभ्र्याचा आहे की कापसाचा? या पाचांपैकी एकालाही "आज बुक केलंत तर" असं उत्तर आलं, तर चप्पल घाला आणि निघा.

परवा एका बारशाला त्याच मावशी भेटल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, बरी आहेस ना? ताईने पर्समधून फोन काढला आणि शुगरचा ताजा रिपोर्ट त्यांच्यासमोर धरला. मावशींनी चष्मा लावून सगळा वाचला आणि विचारलं, "तळजाईला किती वाजता जातेस?"