आजीची गोधडी आणि माझं नाक

सकाळी गजर आधी की पहिली शिंक आधी, यावर माझ्या रूममेट्स पैज लावायच्या. एक नाही, दोन नाही, सलग अकरा शिंका! मग डोळे लाल, नाक गळतंय. आणि दुपारी ऐन मीटिंगमध्ये नाक ठप्प. 'मी मराठी' म्हणायला जावं तर 'बी बराठी'! एका इंटरव्ह्यूचं रेकॉर्डिंग ऐकलं, तर माझ्या प्रश्नांपेक्षा सूं-सूंच जास्त.

'पोल्युशन गं', 'एसी बाधतो तुला'... सगळे डॉक्टर. शेवटी खऱ्या डॉक्टरांकडे गेले. हातावर वेगवेगळे थेंब, प्रत्येकावर सुईची हलकी टोचणी. पंधरा मिनिटांत एका जागी गांधी उठली. डस्ट माइट! डोळ्यांना न दिसणारे हे जीव आपल्या त्वचेचा कोंडा खाऊन गादी-उशीत सुखाने नांदतात.

"जुनं पांघरूण आहे का काही?" डॉक्टरांनी विचारलं.

माझ्या पोटात धस्स झालं. आजीची गोधडी. तिच्याच लुगड्यांची, तिच्याच हातची. आजी गेली, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून धुतलीच नव्हती. तिचा वास जाईल म्हणून.

डॉक्टरांनी फंडा सांगितला. माइटच्या विष्ठेतलं प्रथिन माझ्या शरीराला शत्रू वाटलं. त्याच्याविरुद्ध आयजीई नावाच्या अँटिबॉडी तयार झाल्या. (हे आयजीई १९६६ मध्ये इशिझाका या जपानी नवरा-बायकोनं शोधलं.) त्या नाकातल्या मास्ट सेल्सवर चिकटून बसतात. तेच प्रथिन पुन्हा आलं की मास्ट सेल्स काही मिनिटांत हिस्टमिन सोडतात. म्हणून शिंका. पण खेळ तिथे संपत नाही. त्या इतर पेशींनाही बोलावतात. इओसिनोफिल्स वगैरे मंडळी काही तासांनी येऊन ठाण मांडतात, आतून सूज येते. म्हणजे माझं दुपारचं 'बी बराठी'! गोळी हिस्टमिनला अडवते, ही गर्दी मात्र स्टेरॉइडचा स्प्रे कमी करतो. तोही रोज, नेमाने मारला तर. मी दोन दिवस मारून, बरं वाटलं की बंद करायचे.

"गोधडी साठ अंशांच्या पाण्यात धुवा. माइट मरतील, प्रथिनही निघून जाईल."

रात्री आईला फोन केला. रडवेल्या आवाजात, अर्थात नाकातून. ती हसायलाच लागली. "अगं, आजी दर उन्हाळ्यात गोधड्या बंबाच्या कढत पाण्यात भिजवायची. आणि मग दिवसभर गच्चीवर, कडक उन्हात. तू कसला वास जपत बसलीस?"

खरंच, कसला? चोंदलेल्या नाकाला वास येतो कुठे!

धुतली. लाल लुगड्याचा रंग पांढऱ्या ठिगळावर उतरला. वाईट वाटलं. स्प्रे आता तीन आठवडे रोज चालू आहे. मास्ट सेल्स काही वैर विसरलेल्या नाहीत, धुळीत गेले की शिंका येतातच. पण काल रात्री गोधडी नाकापर्यंत ओढून घेतली. आजीचा वास नव्हता.

उन्हाचा होता. आणि तो मला आला!